नवजात बाळांचं नर्सिंग हाताला कसं शिकवायचं

लेबर रूममध्ये पहिल्यांदा माझ्या हातात अंबू बॅग (हाताने दाबून मास्कमधून श्वास द्यायची पिशवी) आली तेव्हा नोकरी लागून चार महिने झाले होते. परीक्षेत बाळाच्या रिससिटेशनवर, म्हणजे श्वास न घेणाऱ्या बाळाचा श्वास सुरू करून देण्यावर, मी अख्खं पान भरून उत्तर लिहिलेलं, सगळ्या स्टेप्स क्रमाने पाठ, आणि त्या रात्री बाळ बाहेर आलं ते निळसर, लुळं, रडेना, आणि मी मास्क धरून नुसती उभी. मास्कची निमुळती बाजू नाकाकडे की हनुवटीकडे हेच आठवेना. शेजारच्या सीनियर सिस्टरने एक शब्द न बोलता माझा डावा हात धरला, अंगठा आणि तर्जनी मास्कवर गोल बसवली, उरलेली तीन बोटं बाळाच्या जबड्याच्या हाडाखाली सरकवली आणि माझ्या हातावर स्वतःचा हात ठेवून दुसऱ्या हाताने बॅग दाबली. छाती वर आली. थोड्या वेळाने बाळाने तोंड वाकडं केलं आणि रडलं.

ती पकड मी आजतागायत विसरले नाही. पण ती एका जिवंत बाळावर शिकायला लागली याचं मला अजून वाईट वाटतं. ती सिस्टर त्या रात्री ड्युटीवर नसती तर?

म्हणून हे लिहितेय. मुंबईत गेली बरीच वर्षं स्टाफला आणि पोस्टिंगला येणाऱ्या नर्सिंगच्या मुलींना शिकवते, आणि दुसऱ्या वॉर्डातल्या इन्चार्ज सिस्टर, ट्यूटर सारख्या विचारतात की तुम्ही नेमकं करता काय, आम्हालाही सुरू करायचंय, पैसे नाहीत, वेळ नाही, स्टाफ कमी आहे. तर जे मी करते तेच सांगते, जसं आठवेल तसं.

आधी हे का लागतं ते बघा. शंभर बाळं जन्मली तर साधारण 85 स्वतःहून श्वास घेतात, आणखी दहा पुसलं, पाठ चोळली की घेतात, आणि पाचेक बाळांना बॅग-मास्क लागतो. छाती दाबायची वेळ तर हजारात एखाद्यावर येते. म्हणजे चांगल्या कामाच्या लेबर रूममध्येही एखाद्या सिस्टरला महिनोन् महिने स्वतः बॅग धरायची वेळ येत नाही, आणि येते तेव्हा हातात एकच मिनिट असतं. जे काम रोज करतो ते हात विसरत नाही, पण हे काम रोजचं नाही, आणि म्हणूनच ते मुद्दाम करावं लागतं.

करून शिकणं यावर अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड कोल्ब यांनी 1984 मध्ये चार टप्प्यांचं एक चक्र मांडलं, बीएस्सी नर्सिंगच्या मुलींना ते परीक्षेपुरतं माहीत असतं. सोप्या शब्दांत सांगायचं तर आधी स्वतः करा, मग काय झालं ते मागे वळून बघा, मग त्यातून आपला नियम काढा, आणि मग परत करून बघा. आपल्याकडे गडबड अशी होते की पहिला टप्पा झाला की सगळे टाळ्या वाजवून चहाला जातात. बाहुलीवर एकदा बॅग दाबली म्हणजे ट्रेनिंग झालं, रजिस्टरवर सही झाली. मधले दोन टप्पे म्हणजे बसून बोलणं, आणि चौथा म्हणजे लगेच परत करणं, हे गळतं. माझं म्हणणं एवढंच आहे की वेळ कमी असेल तर ड्रिल, म्हणजे बाहुलीवरचा सराव, छोटं करा पण बोलणं आणि परत करणं कापू नका.

वेळेचं बोलू. दोन दिवसांचं ट्रेनिंग हवंच, 2009 साली सुरू झालेल्या नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमातलं दोन दिवसांचं ट्रेनिंग आपल्यातल्या कितीतरी जणींनी केलंय आणि त्याचा पाया पक्का आहे. पण ते झाल्यावर काही महिन्यांत हात सैल पडतात, हे मी स्वतः बघितलंय. म्हणून आठवड्यातून एकदा वीस मिनिटं, वॉर्डातच, ओव्हर, म्हणजे एका शिफ्टने दुसरीला वॉर्ड सोपवणं, झाल्या झाल्या. जाणाऱ्या शिफ्टला थांबवू नका, त्या बिचाऱ्यांना कल्याण, विरार, पनवेल गाठायचं असतं आणि एक लोकल चुकली की घरी पोचायला अंधार होतो, अशा माणसाच्या डोक्यात काही शिरत नाही. येणाऱ्या शिफ्टमधल्या चौघी घ्या, पाचवी वॉर्ड सांभाळेल. चार ते सहाच्या वर जणी असल्या की मागच्या दोघी नुसत्या बघतात, आणि बघून हे येत नाही.

आता सामान. बॅग-मास्कसाठी फुप्फुस असलेली बाहुली लागते, म्हणजे मास्कचं सील नीट बसलं, हवा सुटली नाही तरच छाती वर येईल अशी. निओनॅटली नावाची बाहुली येते, तिच्यात पाणी भरलं की बाळासारखं वजन येतं आणि एक छोटा फुगा दाबला की नाळेचे ठोके लागतात. ती हॉस्पिटलमध्ये असेल तर बहुतेक कपाटात असेल, आधी ती बाहेर काढा. नसेल तर शेजारच्या कॉलेजच्या स्किल लॅबमधून मागा, पण बॅग-मास्क साध्या खेळण्यातल्या बाहुलीवर शिकवू नका, छाती हलत नाही तर आपण बरोबर करतोय की चूक हे कळणारच नाही.

बाकी सगळ्यासाठी मात्र घरचं चालतं. मंगलदास मार्केटमधून स्वस्तात मऊ सुती कापड आणलं, त्याचं अंग-डोकं शिवलं आणि आत दीड किलो तांदूळ भरले. डोक्यात थोडे जास्त, म्हणजे मानेला आधार दिला नाही की डोकं खरंच मागे लोळतं. पावसाळ्यात तांदळाला पोरकिडे लागले तेव्हा तांदूळ काढून धुऊन वाळवलेली बारीक वाळू भरली, दुहेरी पिशवीत. गुंडाळणं, पुसणं, उचलणं, कांगारू केअर (बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब देणं), आईच्या हातात देणं, सगळं तिच्यावर होतं. मुलींनी तिचं नाव चिंगी ठेवलंय.

एक गोष्ट पक्की करा. ट्रेनिंगची बॅग, मास्क, सक्शन ट्यूब (तोंड-नाकातलं पाणी, चिकटा ओढून काढायची नळी) वेगळ्या ठेवा आणि त्यावर लाल मार्करने 'फक्त ट्रेनिंग' लिहा. गडबडीत वापरलेला मास्क बाळाच्या ट्रॉलीत जाता कामा नये, आणि बाळाच्या ट्रॉलीतला चांगला मास्क ड्रिलमध्ये अडकून राहता कामा नये.

पहिलं मिनिट

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मी केस अशी देते: आई 24 वर्षांची, 38 आठवडे भरलेत, पाणी हिरवट आहे (म्हणजे बाळाने पोटातच शी केलीय), बाळ आत्ता येतंय. एवढंच. तुम्ही दोघी आहात, डॉक्टर शेजारच्या टेबलवर अडकलेत. आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावते, पण किती सेकंद झाले ते मधे सांगत नाही.

बाळ यायच्या आधी त्या काय करतात ते बघते. वॉर्मर (बाळाला ऊब देणारं टेबल) चालू केला का, बॅग जोडून तळहातावर दाबून पाहिली का, मास्क 0 आणि 1 दोन्ही मापांचे आहेत का, कोरडे दोन टॉवेल आहेत का, कोण काय करणार हे ठरलं का. मग बाहुली ओली करून हातात देते. खरंच ओली, कोमट पाण्याने, कारण ओलं बाळ हातातून निसटतं आणि ओला टॉवेल बाजूला टाकायची आठवण सुक्या बाहुलीवर होत नाही.

पुसायचं, ओला टॉवेल काढायचा, मान किंचित मागे, नाक हुंगताना असते तशी, गरज असेल तरच सक्शन, आधी तोंड मग नाक, पाठ चोळायची, आणि श्वास बघायचा. श्वास नाही किंवा नुसते आचके देतंय किंवा ठोके मिनिटाला 100 च्या खाली, तर बॅग सुरू, आणि हे सगळं पहिल्या मिनिटाच्या आत. मिनिटाला 40 ते 60 श्वास, तोंडाने म्हणत 'दाब, दोन, तीन, दाब, दोन, तीन'. हे मोठ्याने म्हणायला लावा. घाबरलं की सगळ्यांचा हात पळतो, आणि मोठ्याने म्हटलं की तो ताळ्यावर येतो.

छाती वर येत नसेल तर काय, हा खरा धडा. इथे मी मुद्दाम बाहुलीची मान पुढे वाकवून ठेवते किंवा एक नंबर लहान मास्क देते. बहुतेक जणी बॅग जोरात दाबायला लागतात. थांबवून विचारायचं, आवाज कुठून येतोय ऐका. फुस्स असा हवा सुटायचा आवाज असतो, बहुतेक वेळा नाकाच्या दांड्याच्या बाजूने किंवा गालाच्या कडेने, तिथे बोट ठेवून बघायला सांगते, हवा बोटाला लागते. मग क्रमाने: मास्क परत बसवा, मान परत नीट करा, तोंड-नाक सक्शन करा, तोंड थोडं उघडं ठेवा, मग प्रेशर वाढवा, आणि तरीही नाही तर श्वासनळीत ट्यूब, त्यासाठी डॉक्टरला हाक. हा क्रम मी भिंतीवर लावलाय पण भिंतीकडे बघायला वेळ नसतो, म्हणून प्रत्येकीला प्रत्येक अडचण एकदा तरी हाताने सोडवायला देते.

पकडीकडे अगदी जवळून बघा. तीन बोटं जबड्याच्या हाडावर हवीत, खालच्या मऊ भागात रुतली तर जीभ मागे ढकलली जाते आणि वाट बंद होते. मास्कची वरची कड डोळ्यांवर चढता कामा नये. आणि मास्क तोंडावर दाबायचा नसतो, जबडा वर मास्ककडे उचलायचा असतो, हे नव्वद टक्के मुलींना सांगून कळत नाही, त्यांच्या हातावर आपला हात ठेवून एकदा उचलून दाखवलं की पटकन कळतं.

ठोक्यांसाठी एक सोपी पद्धत. एक जण टेबलावर पेनाने टकटक करते, कधी हळू कधी जलद, बाकीच्या 6 सेकंद मोजतात आणि दहाने गुणतात. मग बघायचं, 60 च्या खाली, 60 ते 100 मध्ये की 100 च्या वर. पाच मिनिटांचा खेळ आहे पण यातून त्यांना कान लावायची सवय होते. नीट, छाती वर येणारी बॅग 30 सेकंद देऊनही ठोके 60 च्या खालीच असतील तेव्हा छाती दाबायची, तीन वेळा दाबणं आणि एक श्वास, मिनिटाला 90 दाब आणि 30 श्वास. हे शिकवा पण शेवटी शिकवा, कारण बाळाचं हृदय बहुतेक वेळा श्वास नसल्यामुळे मंद होतं आणि बॅग नीट बसली की बऱ्याचदा तेवढ्यानेच ठोके वर येतात.

हाक मारणंही शिकवायला लागतं. 'कोणीतरी बॅग द्या' म्हटलं की कोणीच देत नाही. नावाने सांगा, आणि ज्याला सांगितलं त्याने परत म्हणावं, 'बॅग मी घेतली'. नवी मुलगी हाऊसमनला (वॉर्डातल्या ज्युनियर डॉक्टरला) मोठ्याने 'सर, छाती वर येत नाहीये' म्हणायला कचरते, तेव्हा ड्रिलमध्ये हाऊसमनलाही बोलवा, त्यालाच ट्यूब घालायच्या नादात बॅग थांबवायला सांगा, आणि तिला त्याला अडवायला लावा. एकदा तोंडातून निघालं की पुढे निघतं.

बसून बोलणं

ड्रिल पाच मिनिटं असेल तर बोलणं दहा मिनिटं. स्टूल ओढून गोल बसायचं, बाहुली मधे. पहिलं बोलायचं जिने केलं तिने, आम्ही नाही. काय झालं ते आधी, कसं वाटलं तेही विचारा, कारण हात थरथरला हे कोणी कबूल केलं की बाकीच्या तिघींना हायसं वाटतं. मग का, मग पुढच्या वेळी काय.

'तुझं चुकलं' हे वाक्य मी तोंडातून काढून टाकलंय. त्याऐवजी जे दिसलं ते सांगते आणि विचारते. एक प्रसंग सांगते. एक सिस्टर होत्या, पंधरा वर्षांची नोकरी, हात एकदम सफाईदार, सगळ्या ज्युनियर त्यांना घाबरून असायच्या. ड्रिलमध्ये पाणी हिरवं म्हटल्याबरोबर त्यांनी सक्शन उचललं आणि खोलवर करतच राहिल्या, बॅग लागली तेव्हा स्टॉपवॉचवर 94 सेकंद झाले होते. मी म्हटलं, सिस्टर, मला दिसलं की बाळ लुळं होतं आणि तुम्ही सक्शनवर बराच वेळ होतात, तेव्हा मनात काय चाललं होतं? त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, आम्हाला शिकवलेलं की हिरवं पाणी आधी काढा, आत गेलं तर बाळ जातं, आणि माझ्यासमोर एक बाळ तसं गेलंय.

हे ऐकल्यावर कोणाची हिंमत होती त्यांना गाइडलाइन वाचून दाखवायची. आम्ही बोललो त्यावर, की त्या काळी तसंच शिकवायचे, 2015 मध्ये ते बदललं, लुळ्या बाळालाही आता खोल सक्शन सरसकट करत नाहीत कारण तेवढा वेळ श्वास थांबतो, वाट अडली असेल तरच करायचं. त्या म्हणाल्या, परत द्या बाहुली. दुसऱ्यांदा 41 सेकंदांत बॅग लागली. नुसतं 'सक्शन का केलंत' विचारलं असतं तर त्या उठून गेल्या असत्या, आणि त्यांचं बघून सहा ज्युनियर पुढची दहा वर्षं तेच करत राहिल्या असत्या.

सीनियर आणि स्टुडंट मुली पहिल्या दोन वेळा वेगळ्या ठेवा. मुलींसमोर चुकायला सीनियरला जड जातं आणि सीनियरसमोर मुली तोंडच उघडत नाहीत. नंतर एकत्र करा.

मोबाइलवर व्हिडिओ घेतला तर उत्तम, स्वतःचा हात बघितल्यावर सांगायला काही उरत नाही. पण फ्रेममध्ये खरी आई, खरं बाळ, केसपेपर काहीही येता कामा नये, आणि बघून झालं की सगळ्यांसमोर डिलीट. ग्रुपवर टाकायचा नाही म्हणजे नाही.

ट्यूब, ऊब, दूध

फीडिंग ट्यूब (बाळाच्या पोटात दूध पोचवायची नळी) घालणं वगैरे कामांसाठी सर्जन पेटन यांची चार पायऱ्यांची पद्धत 1998 पासून वापरात आहे आणि ती फार उपयोगी पडते. आधी मी न बोलता, खऱ्या वेगाने करून दाखवते. मग हळू, प्रत्येक गोष्ट सांगत. मग ती सांगते आणि मी करते. मग ती स्वतः करते. तिसरी पायरी सगळ्यात मोलाची. ती जे सांगेल तेवढंच मी करते, एक इंचही जास्त नाही. ट्यूब मोजायची, तोंडाच्या कोपऱ्यापासून कानापर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाचं खालचं टोक आणि बेंबी यांच्या मधोमध, हे सगळ्या बरोबर सांगतात. पण परवा एका मुलीने 'आता ट्यूब काढा' एवढंच सांगितलं, मी तशीच काढली, आणि ट्यूबमधलं पाणी बाहुलीच्या घशाशी टपटप सांडलं. ती बघतच राहिली. चिमटीत धरून काढायची असते, हे तिला आता कोणी सांगायची गरज नाही.

बाळाला थंडी वाजते हे मुंबईत कोणाला खरं वाटत नाही, बाहेर घामाच्या धारा आणि सिस्टर म्हणते बाळ गार पडलं. त्यासाठी मी प्रत्येकीला एक हात कोपरापर्यंत ओला करून एसीच्या झोताखाली दोन मिनिटं धरायला लावते, दुसरा सुका. बस. ओल्या हाताला जे कळतं ते ओल्या बाळाला अंगभर होत असतं. त्यानंतर लेबर रूम 25 ते 28 डिग्री का ठेवायची आणि डॉक्टरांना एसी बंद करायला कसं सांगायचं यावर त्या स्वतःच बोलायला लागतात. बाळाचं तापमान काखेत 36.5 ते 37.5 हवं, आणि थर्मामीटरच्या आधी हाताची उलटी बाजू पोटाला आणि तळपायाला लावून बघायची सवय लावा. पोट गरम पण पाय गार म्हणजे थंडी बाधायला लागलीय, दोन्ही गार म्हणजे धावपळ करा.

कांगारू केअर. कोलंबियात बोगोटाला 1978 मध्ये डॉक्टर एडगर रे यांनी इन्क्युबेटर (बाळाला ऊब देणाऱ्या पेट्या) कमी पडत होते म्हणून हे सुरू केलं. आपल्याकडे पोस्टर प्रत्येक वॉर्डात आहे आणि आई अर्ध्या तासात कंटाळून बाळ खाली ठेवते. का ठेवते ते कळायला चिंगीला छातीशी बांधा आणि एक तास तशाच रहा. फाइल लिहा, फोन घ्या, चहा प्या, बाथरूमला जाऊन या. मे महिन्यात तर नक्की करा. एक स्टाफ तासाभराने म्हणाली, मॅडम, पाठ मोडली आणि हात कुठे ठेवायचा कळत नाही. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःहून आयांच्या खाटा डोक्याकडून उंच केल्या, मागे उशा लावल्या आणि पंखा आयांकडे येईल असा पण बाळाच्या पाठीवर येणार नाही असा वळवला. मी काही सांगितलं नव्हतं.

पलाडाईने (चोच असलेल्या छोट्या वाटीने) दूध पाजणं म्हणजे आपलं बोंडलंच, आजीच्या काळात घरोघरी चांदीचं असायचं तेच. मुलींना जोड्या करून, एकीने अर्धवट रेलून बसायचं आणि दुसरीने पलाडाईने पाणी पाजायचं. घाई केली की ठसका लागतो, पाजणारीला लगेच कळतं की थांबायचं कुठे, तोंडातलं गिळल्याशिवाय पुढचं ओतायचं नाही. दूध हाताने काढायचं शिकवायला मऊ मोजा भरून त्याचं मॉडेल करा. याच शहरात सायन हॉस्पिटलमध्ये 1989 मध्ये डॉक्टर आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली ह्यूमन मिल्क बँक उभी केली, हे मी मुलींना आवर्जून सांगते, आईचं दूध थेंब थेंब जपायची आपल्या शहराची परंपरा आहे, आणि तो थेंब आपल्या सिरिंजच्या टोकाला वाया जाऊ द्यायचा नाही.

हात धुणं: ग्लोव्ह्ज घाला, तळहातावर पोस्टर कलर घ्या, डोळे मिटून हात धुण्याच्या 'सुमन-के' च्या सहा स्टेप्स (सीधा, उलटा, मुठ्ठी, अंगूठा, नाखून, कलाई) करा, डोळे उघडा. अंगठा आणि बोटांची टोकं कोरी राहिलेली असतात, जवळपास दरवेळी. पाच मिनिटांचं काम. कॅन्युला (शिरेत घालायची बारीक नळी) मी बाहुलीवर फक्त धरणं आणि चिकटवणं यापुरता शिकवते, 24 नंबरचा पिवळा किंवा 26 चा जांभळा, शीर सापडायचं ते खऱ्या हातावर सीनियरच्या शेजारी उभं राहूनच येतं.

आजी येते तेव्हा

घरच्यांशी बोलणं हेही कौशल्यच आहे आणि ते सगळ्यात कमी शिकवलं जातं. इथे आमच्या वॉर्डातल्या मावशींना आजी करा. त्यांच्याइतकी खरी आजी कोणी करू शकत नाही, त्यांनी हजारो आज्या बघितल्यात. मावशी पदर खोचून येतात, 'अगो, मध चाटवला नाही तर बाळाची जीभ कशी सुटेल? आमच्यात पहिली गुटी आत्या देते, तू कोण अडवणार?' आणि स्टाफला उत्तर द्यायचंय. पहिल्यांदा सगळ्या एकच म्हणतात, 'आजी, इथे अलाऊड नाही.' मग बसून बोलताना मावशींनाच विचारते, तुम्हाला काय वाटलं? एकदा मावशी म्हणाल्या, मला हाकलल्यासारखं वाटलं, मी घरी नेऊन देईन गुपचूप.

दुसऱ्यांदा तीच मुलगी आजीला बसवते, म्हणते, आजी, तुम्ही इतकी बाळं वाढवलीत, याला न्हाऊ-माखू तुम्हीच घालणार आहात, फक्त एवढंसं पोट आहे, आत्ता त्यात आईच्या चिकाशिवाय काही घालू नका, मधाने बाळ आजारी पडू शकतं. आणि आत्याने काय द्यायचं? आत्याने बाळाला पहिलं झबलं घालावं. हे तिने स्वतः शोधलं, मी आता ते सगळ्यांना सांगते.

दुसरा प्रसंग नक्की करा, बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे आणि आई विचारते, 'पेटीत का ठेवलं, माझं काही चुकलं का?' उत्तर द्यायच्या आधी तिच्या शेजारी बसणं, बाळ मुलगा की मुलगी न म्हणता तिने ठेवलेल्या नावाने हाक मारणं, आणि तिचा हात स्वच्छ धुवून बाळाच्या अंगावर ठेवायला देणं, हे करून बघायला लावा. हिंदीतही करा, भोजपुरी ऐकून समजेल अशा हिंदीत, आपल्या वॉर्डात निम्म्या आया तशाच बोलतात.

बाहुलीवरून बाळाकडे

बाहुलीवर तीन वेगवेगळ्या दिवशी चेकलिस्टप्रमाणे नीट झालं की मगच बाळाजवळ. तिथे पहिल्यांदा ती बघते आणि मी मोठ्याने बोलत करते, मग ती करते आणि माझा हात शेजारी, मग ती करते आणि मी दोन पावलं मागे. प्रत्येक वेळी बाळाच्या आईला सांगून. चेकलिस्टमध्ये दहाच्या वर ओळी नकोत, आणि बरोबर-चूक सोबत 'मदत लागली' असा तिसरा रकाना ठेवा, त्यातूनच कळतं पुढच्या आठवड्यात काय घ्यायचं. खरं रिससिटेशन झालं की त्याच शिफ्टमध्ये पाच मिनिटं बसा, बाळ वाचलं असो वा नसो. नसेल वाचलं तर आधी पाणी द्या, रडू द्या, चेकलिस्ट दुसऱ्या दिवशी.

आणि बाहुली कुलपात ठेवू नका. आमची पूर्वी कपाटात असायची आणि किल्ली दिवसपाळीच्या सिस्टरबरोबर घरी जायची, म्हणजे रात्रपाळीला ट्रेनिंग नावाची गोष्टच नव्हती. आता ती वॉर्मरच्या बाजूच्या फळीवर असते, मास्क लावूनच, शेजारी एक वही दोरीला बांधलेली. वॉर्ड शांत असला तर पहाटे तीन-साडेतीनला कोणीतरी उठून वीस श्वास देतं आणि वहीत वेळ, नाव आणि छाती किती वेळा वर आली ते लिहितं. सकाळी आल्यावर मी आधी ती वही बघते.